यंदा आमच्या गल्लीत आग लागणार नाही

१ डिसेंबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलेल्या माणसाने लिहून ठेवावं. वाचणारा मीच.

कारण असं. काल युलियानाचा फोन आला. माझी एकुलती एक मुलगी, नदीपलीकडे दुरानला दिलेली. म्हणाली, पप्पा, त्या घरात भाजायची भीती आहे तोवर नाओमीला घेऊन मी तिथे पाऊल टाकणार नाही. नाओमी माझी नात, तीन वर्षांची. मला आबू म्हणते आणि मिशा ओढते. गेल्या महिन्यात आली होती तेव्हा तिच्या मनगटावर गरम तेल उडालं. नखाएवढा डाग पडला. पॅनचा दांडा ओट्याच्या बाहेर आला होता, पोरीने तो धरला. दांडा मी बाहेर ठेवला असं माझी बायको पिएदाद म्हणते. कंपनीने दांडा एवढा लांब बनवलाय, त्याला मी काय करणार.

रात्रभर विचार केला. युलियाना माझ्यावर गेलीय, ती मनातलं सरळ बोलत नाही. घर म्हणाली तरी तिला म्हणायचंय गल्ली. आणि गल्लीत आग म्हणजे ३१ तारीख. जुन्या कपड्यांत लाकडाचा भुसा भरायचा, कागदाचं तोंड लावायचं, आत फटाके कोंबायचे आणि बाराच्या ठोक्याला जुन्या वर्षाचा म्हातारा म्हणून जाळायचा. अख्खं ग्वायाकिल शहर धुराने भरतं. पोरगी घाबरणारच.

ठराव: यंदा आमच्या गल्लीत म्हातारा जळणार नाही. ३१ ला नाओमी माझ्या मांडीवर.

हे मला जमेल. बंदरावरच्या गोदामात मी रिटायर होईपर्यंत फायर सेफ्टी सांभाळली. म्हणजे आग विझवायचे सिलिंडर ज्या कपाटात होते त्याची किल्ली माझ्याकडे असायची. कपाट उघडायची वेळ एकदाही आली नाही. यावरून काय ते समजावं.

३ डिसेंबर

शिट्टी घेतली. नारिंगी जाकीट घेतलं, पाठीवर चकाकणारे पट्टे आहेत. पिएदाद म्हणाली, विल्फ्रिदो, रस्ता खणायचं काम मिळालं का रे. दुर्लक्ष केलं.

गल्लीची पाहणी केली. परिस्थिती गंभीर आहे. कोपऱ्यावर वॉशिंग्टन तोमालाचं मोटरसायकलचं गॅरेज. म्हातारा दरवर्षी हाच बनवतो. तेलकट चिंध्यांचा ढीग दारातच. शिट्टी मारली. तो खाली बसल्याबसल्या म्हणाला, डॉन विल्फ्रिदो, मॅच कुठे चालू आहे? डॉन म्हणून मान तेवढा दिला.

मग समोरची डोन्या होविता. तिचा नवरा मार्चमध्ये गेला, तेव्हापासून दारात केळ्याचे वडे तळून विकते. तिच्या स्वयंपाकघरात डोकावलो. पॅनचे दांडे सगळे आतल्या बाजूला. झाकण हाताशी. गॅसचा सिलिंडर पडवीत, वाऱ्याला उभा. पडदा शेगडीपासून लांब बांधून ठेवलेला. इतकं नीटनेटकं कोणी उगाच ठेवत नाही. काहीतरी लपवतेय. नजर ठेवावी लागेल.

घरी पिएदादची भुणभुण. गॅसची नळी तारेने बांधलीय, ती बदल. ती तार कित्येक वर्षं तिथे आहे, तिला अनुभव आहे. नव्या नळीला काय अनुभव? आणि सध्या मला गल्ली बघायची आहे.

६ डिसेंबर

होविताच्या पडवीत गल्लीची मीटिंग. मी मुद्दा मांडला: म्हातारा जाळायचा नाही, खाडीत बुडवायचा. जुनं वर्षही जाईल, कोणाला चटकाही नाही.

वॉशिंग्टन म्हणाला, बुडवलेलं वर्ष फुगून परत वर आलं तर? सगळे हसले. मी म्हटलं, मग पुरू या. तर म्हणाला, पुरलेलं उगवलं तर? लोक गडाबडा लोळायचेच राहिले होते. होविता हसली नाही. ती एवढंच म्हणाली की यंदाचं वर्ष मला जाळायचंच आहे, डॉन विल्फ्रिदो, त्याची राख झालेली बघायचीय. मी म्हटलं, भावना समजतात, पण नियम म्हणजे नियम. नियम कुठला असं एकाने विचारलं. नियम मी करतोय म्हणून सांगितलं.

हात वर केले. माझ्या बाजूने एक. तो मीच. पिएदादने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

मात्र वॉशिंग्टनने दुसरा प्रस्ताव आणला: डॉन विल्फ्रिदो बोरबोर यांना गल्लीचे अग्नी-निरीक्षक नेमावं, म्हणजे ते शांत बसतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकमताने निवड. पहिल्याच मीटिंगमध्ये पद. पुढचं सोपं आहे.

९ डिसेंबर, दुपार

गॅसचा वास येतोय असं पिएदाद म्हणाली. निरीक्षकाच्या घरात गॅसचा वास, शोभत नाही. ताबडतोब तपासणी सुरू केली. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघ, असं ती म्हणत होती. ते नवशिक्यांचं काम. गळती कुठे आहे हे दाखवायला ज्योतीसारखं काही नाही. काडी ओढणार एवढ्यात तिने माझ्या मनगटावर पळी हाणली. काडेपेटी गेली सिंकमध्ये.

मग स्वतःच साबण लावत बसली. तारेखाली बुडबुडे आले. म्हणाली, बघ, तुझी अनुभवी तार. सिलिंडर बंद करून बाहेर ठेवला आणि नळी आणायला निघून गेली. मनगट सुजलंय. घरातल्या घरात निरीक्षकावर हल्ला. याची नोंद कुठे करायची?

१३ डिसेंबर

आज प्रात्यक्षिक होतं. विषय: तेलाने पेट घेतला तर काय करावं. भर रस्त्यात टेबल मांडलं, त्यावर एक बर्नर, पॅनमध्ये तेल, बाजूला ओला टॉवेल. पोरंटोरं, बायाबापड्या, सगळे जमले. एवढा प्रतिसाद मला अपेक्षित नव्हता.

तेल पेटेना. भाषण लांबवावं लागलं. गोदामातले अनुभव सांगितले. कपाटाच्या किल्लीची गोष्ट दोनदा झाली. अर्धे लोक कंटाळून वडे खायला गेले. आणि मी पॅनकडे पाठ करून बोलत असतानाच तेलाने पेट घेतला. घाईघाईने टॉवेल उचलला. उन्हात वाळून कोरडाठक झाला होता. तोही पेटला. मी बादलीतलं पाणी उचललं, तर होविता ओरडली, तेलावर पाणी नको. बर्नर बंद करून तिने आपलं झाकण आणून पॅनवर सरकवलं. टॉवेल पायाखाली घेतला. संपलं.

नुकसान: टेबलक्लॉथ, टॉवेल, माझ्या जाकिटाची उजवी बाही. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. होविताच्या बाजूला बघून वाजवत होते, पण आगीच्या सर्वांत जवळ मी होतो.

वॉशिंग्टनने मोबाईलवर व्हिडिओ घेतला. जनजागृतीसाठी चांगलं आहे.

१४ डिसेंबर

व्हिडिओ दुरानपर्यंत पोचला. युलियानाचा फोन. म्हणाली, पप्पा, बाहेरचं सोडा हो. आधी घर. मी म्हटलं, बाळा, बाहेरचं झाल्याशिवाय घर कसं होईल?  यावर ती म्हणाली, आईला फोन द्या.

दोघी काहीतरी कुजबुजत होत्या. बहुतेक माझ्या तब्येतीबद्दल. माझं काम बघून पोरीला काळजी वाटते. वाटू दे, त्यातच प्रेम असतं.

१६ डिसेंबर

वॉशिंग्टन घरी आला. म्हाताऱ्यात घालायला जुने कपडे हवेत म्हणे. दरवर्षी दारोदार फिरतो, त्यात नवल नाही. पण यंदा निवडक होता. तपकिरी पँट मागितली, जी मी रोज घालतो ती. मग जळकं जाकीट मागितलं. आणि कमरेचं माप घेऊ का असं विचारलं.

कमरेचं माप कशाला, हे मी विचारलं नाही. समजणाऱ्याला समजतं. नवीन पद, नवीन युनिफॉर्म. गल्लीने गुपचूप शिवायला टाकलेला दिसतोय. त्याने खिशातून टेप काढली, पोटाभोवती फिरवली, आणि बापरे म्हणाला. मिशीचा फोटो घेतला, समोरून आणि बाजूने. ओळखपत्रासाठी असणार. मी मिशी विंचरून घेतली.

जाकीट देऊन टाकलं. नवीन मिळणारच आहे.

१९ डिसेंबर

शर्टाला इस्त्री करत होतो, तेवढ्यात रस्त्यावर कोणीतरी फटाका लावला. शिट्टी घेऊन धावलो. परत आलो तर इस्त्री शर्टावरच. शर्टातून टेबल दिसतंय. इस्त्री उचलली ती उलट्या बाजूने, दोन बोटं भाजली.

लगेच प्रथमोपचार म्हणून टूथपेस्ट लावली, भरपूर. पिएदादने हात खेचून नळाखाली धरला, सगळी पेस्ट वाहून गेली. म्हणाली, भाजल्यावर नुसतं वाहतं पाणी, बराच वेळ, बाकी काही थापायचं नाही, किती वेळा सांगायचं तुला. मी म्हटलं, पाण्याने फोड पसरतात. कुठे वाचलंस असं तिने विचारलं. मी असल्या वादात पडत नाही. ती बाहेर गेल्यावर पुन्हा पेस्ट लावली. आता बोटं चिकटून बसली आहेत.

फटाका कोणी लावला ते कळलं नाही. त्याच्यामुळे हे सगळं झालं.

२२ डिसेंबर

नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यावर रोषणाई केली. एका प्लगमध्ये एक्स्टेन्शन, त्यात दुसरं एक्स्टेन्शन, त्यात तारे, देवदूत, फ्रीज आणि पंखा. संध्याकाळी प्लग वितळला. देवदूताचे पंख काळे पडले. पिएदादने मेन स्विच पाडला, भिंतीला हात लावून पाहिला आणि स्टूलवर बसून राहिली.

विजेचं खातं कसली वीज सोडतं देव जाणे.

२५ डिसेंबर

युलियाना सासूकडे. जेवायला आम्ही दोघंच. टर्की छोटीच आणली होती तरी उरली.

नाओमीसाठी लाल बंब आणलाय, शिडी वरखाली होते, घंटा वाजते. कागदात बांधून कपाटावर ठेवलाय. दुपारी उघडून जरा घंटा वाजवून पाहिली. पुन्हा बांधला. मला तिची फार आठवण येते. घरात कोणी मिशी ओढत नाही. एवढं सगळं मी तिच्यासाठीच करतोय आणि हे कोणालाच दिसत नाही, याचा राग येतो.

संध्याकाळी युलियाना फोनवर म्हणाली, ३१ ला सहाला येते. स्वयंपाकघर बघेन, मग ठरवेन थांबायचं की नाही. स्वयंपाकघर ही नुसती औपचारिकता. ती येणार आहे बघायला की गल्ली शांत आहे का.

पिएदादला सांगितलं तर म्हणाली, विल्फ्रिदो, तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. आणि ओटा घासायला लागली.

२७ डिसेंबर

म्हातारा तयार झालाय. गॅरेजात ताडपत्रीखाली उभा. माझ्यापेक्षा थोडा उंच. वॉशिंग्टन कोणाला तोंड दाखवत नाही. मी निरीक्षक म्हणून मागणी केली. तो म्हणाला, तुम्हाला तर अजिबात नाही, डॉन विल्फ्रिदो, सरप्राईज आहे. पोरं फिदीफिदी हसत होती.

आत फटाके कोंबले आहेत अशी खात्रीशीर माहिती आहे. युलियाना दारात आणि समोर हा राक्षस पेटलेला, म्हणजे पोरीला घेऊन ती तशीच मागे फिरणार. मीटिंगा, भाषणं, शिट्ट्या झाल्या. आता कृती.

प्लॅन: पाणी. ओला भुसा पेटत नाही. कोणाला कळणार नाही, कोणी भाजणार नाही. इतका सोपा प्लॅन आजवर कोणाला सुचला नाही याचंच आश्चर्य.

२९ डिसेंबर, दुपार

फत्ते. वॉशिंग्टन जेवून हॅमॉकमध्ये घोरत होता. मागच्या दाराने बादल्या नेल्या. ताडपत्री थोडी वर करून मानेच्या भोकातून ओतत राहिलो. भुसा पाणी पितच होता, पितच होता. खालून पाझरायला लागलं तेव्हा थांबलो.

तोंड पाहिलं नाही. असलं काम करणाऱ्याने समोरच्याचं तोंड पाहू नये. फक्त बूट दिसले. अगदी माझ्या जुन्या बुटांसारखे. असले बूट आता कोणी घालत नाही, लोकांना चांगल्या वस्तूंची पारख उरली नाही.

कंबर धरलीय. पिएदादने विचारलं, कपडे भिजले कशाने. घाम म्हटलं.

३१ डिसेंबर, सकाळ

पिएदादने स्वयंपाकघर पालटून टाकलंय. नवी नळी, क्लिपा, सिलिंडर बाहेर, काडेपेट्या वरच्या फळीवर, नवा प्लग, पॅनचे दांडे भिंतीकडे, शेगडीसमोर खडूची रेघ, तिच्या आत लहान मुलांनी यायचं नाही. चांगलं आहे. माझ्या मार्गदर्शनाशिवाय होत नाही हे सगळं.

३१ डिसेंबर, संध्याकाळ

आली. दोघी आल्या. युलियानाने नळी बघितली, प्लग बघितला, खडूच्या रेघेपाशी थांबून आईच्या गळ्यात पडली. मग म्हणाली, थांबतो आम्ही, पप्पा. उद्या दुपारी जेवूनच जाऊ.

नाओमी माझ्या मांडीवर. बंबाची घंटा वाजवून वाजवून कान किटवले. मिशी ओढली. मी जिंकलो. जे ठरवलं ते केलं. महिनाभर लोक हसले, हसू देत. आज माझ्यासारखा सुखी माणूस ग्वायाकिलमध्ये नाही.

३१ डिसेंबर, रात्री, बारा वाजायच्या आधी

घाईत लिहितोय. बाहेर गोंधळ.

ताडपत्री काढली. म्हातारा म्हणजे मी. माझी पँट, माझं जळकं जाकीट, माझे बूट. पँट आणि बूट पिएदादने दिले असणार, तिच्याशी नंतर बोलेन. गळ्यात शिट्टी. कागदाच्या तोंडावर माझी मिशी, झाडूच्या काड्यांची, फोटोबरहुकूम. एका हातात पॅन, दुसऱ्यात टूथपेस्टची ट्यूब.

आधी कानशिलं तापली. मग विचार केला. गेल्या वर्षी गल्लीने फुटबॉल टीमचा कॅप्टन जाळला. त्याआधी एक मंत्री. यंदा मी. यावरून माणसाचा दर्जा कळतो.

नाओमी धावत गेली, आबू म्हणून त्याच्या पायाला मिठी मारली. मग हात बघून मोठ्याने म्हणाली, आबूने शू केली. पँट ओली आहे. सगळे हसले. मी जोरात शिट्टी मारून विषय बदलला. युलियाना माझ्याकडे बघत होती.

वॉशिंग्टन रिवाजाप्रमाणे काळा झगा घालून म्हाताऱ्याची विधवा झालाय. छाती बडवत त्याने माझं मृत्युपत्र वाचलं:

चाललो मी विल्फ्रिदो, आता रडू नका रे कोणी,
आगीवरती शिट्टी मारली, विसरून गेलो पाणी.
जाकीट माझं कुत्र्याला द्या, शिट्टी टाका खाडीत,
काडेपेटी ठेवू नका हो बोरबोरांच्या माडीत.

आमचं घर बैठं आहे. माडी नाही. असल्या चुका असतात. पाणी विसरलो या ओळीला मात्र मनात हसलो. आता बारा वाजता बघतील.

पिएदाद पोट धरून हसत होती. लग्नानंतर इतकी हसलेली मला आठवत नाही. ते काही मला आवडलं नाही.

१ जानेवारी, सकाळ

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाईट.

बारा वाजले. सगळ्या शहरात म्हातारे पेटले. आमचा फुसफुसला. मिशी तेवढी जळली, मग पिवळा धूर, मग काही नाही. वॉशिंग्टनने पुन्हा काडी लावली. पुन्हा धूर. त्याने आत हात घातला आणि म्हणाला, आतून चिंब आहे. पाऊस तर नाही झाला.  मी शिट्टी पुसायला घेतली.

होविता पुढे आली. अंगावर नवा पिवळा झगा, केसात फूल. कागदावर नवऱ्याचं नाव आणि गेल्याची तारीख लिहून आणली होती, म्हाताऱ्याच्या खिशात घालायला. ओल्या खिशात तो कागद विरघळून गेला. ती म्हणाली, हे वर्ष मला घरात परत न्यायचं नाहीये हो. कोणाला उद्देशून नाही, अशीच बोलली.  हे मी मुद्दाम केलं नव्हतं. म्हणजे केलं होतं, पण हे नव्हतं करायचं.

वॉशिंग्टन बाटलीत पेट्रोल घेऊन आला. होविता नको म्हणाली. युलियाना नको म्हणाली, नाओमीला उचलून मागे सरकली. बरोबरच होतं ते. पण मला वाटलं, पेट्रोल हाताळायचंच असेल तर अधिकृत माणसाने हाताळावं. बाटली मी घेतली. सगळ्यांना हाताने मागे सारलं. शिट्टी मारली आणि ओतलं. आत कुठेतरी निखारा होता.

पुढचं मला नीट आठवत नाही. धप्प आवाज झाला. बाहीला जाळ. कोणीतरी मला खाली पाडून लोळवलं, कोणीतरी ओलं पोतं टाकलं. ते पोतं होविताचं. तिने ते आधीच भिजवून दाराशी ठेवलं होतं, दरवर्षी ठेवते म्हणे.

नाओमीला पिएदादकडे देऊन युलियानाने मला घरात ओढत नेलं आणि हात नळाखाली धरला. मी टूथपेस्ट म्हटलं, तिने नळ आणखी सोडला. बाहेर म्हातारा आता धडाधड जळत होता, गल्लीभर फटाके फुटत होते, लोक आनंदाने ओरडत होते. मला काही दिसलं नाही. ती माझं मनगट धरून उभी. पाणी वाहतंय. बऱ्याच वेळाने म्हणाली, घर ठीक आहे, पप्पा. आईचं घर एकदम ठीक आहे. मला घराची भीती नव्हतीच कधी.

मी म्हटलं, मग गल्लीची? तिने नकारार्थी मान हलवली. मग मी पुढे विचारलं नाही.

दवाखान्यात बँडेज बांधलं. हात कोपरापर्यंत. बरा होईल म्हणाले. मिशी गेली, भुवया गेल्या. नर्सने विचारलं, फटाका का? पिएदाद म्हणाली, निरीक्षक आहेत.

१ जानेवारी, दुपार

नाओमी उठली. मला बघून आईच्या मागे लपली. बिनमिशांचा, बिनभुवयांचा माणूस, तिने कधी बघितलेला नाही. मी हाक मारली तरी येईना. आबू कुठे, असं विचारत घरभर फिरली. मी म्हटलं, अगं मीच आबू. तर ती म्हणाली, नाही, आबूला रात्री जाळलं. मी बघितलं.

खूप समजावलं. बंब दाखवला. तिने तो ओढून घेतला. कपाळाला आठ्या. पिएदाद सांगत होती, आबू जळला तरी ती रडली नव्हती, सगळे नाचत होते म्हणून तीही नाचली. ते मला लागलं. राग कोणाचा काढायचा कळेना.

युलियानाने बॅगा भरल्या. जेवायला थांबत नाही म्हणाली, ऊन व्हायच्या आत निघतो. ऊन कधीच झालं होतं.  पिएदादने पोरीसाठी दूध तापवून टेबलावर ठेवलं, मधोमध, कडेपासून लांब. नाओमी खुर्चीवर चढून बसली. मी समोर. दोघंही दुधाकडे बघत. वाफ येत होती. तिला थंड करून द्यावं म्हणून मी डावा हात कपाकडे नेला.

नाओमीने बोट वर केलं. म्हणाली, ए काका, हात लावू नको. गरम आहे. भाजेल.

मी हात मागे घेतला.

दारात बॅग घेऊन उभी असलेली युलियाना शाबास म्हणाली. कोणाला म्हणाली ते मी विचारलं नाही.